रोपटे, छायाचित्र आणि नियत

पावसाळा लागला की औंढा नागनाथ परिसरातील तरुणांच्या मोबाईलवर रोपटे लावतानाची छायाचित्रे झळकू लागतात. तेव्हा वडीलधारे विचारतात, सत्कृत्य असे जगाला दाखवावे काय? ही ‘रिया’ तर नव्हे?

प्रश्न रास्त आहे. सही मुस्लिममधील हदीसनुसार कयामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा सर्वप्रथम होईल, त्यांत लोकांनी दानशूर म्हणावे म्हणून दान करणारा आहे. लोकांनी तसे म्हटले. त्याचा मोबदला त्याला इथेच मिळाला. तथापि कुरआनने (२:२७१) उघड दानालाही चांगलेच म्हटले आहे. गरिबांना गुप्तपणे दिलेले त्याहून उत्तम.

त्या गुप्ततेत गरिबाची अब्रू राखली जाते. पर्यावरणाच्या कामाचे तसे नाही. त्याला अधिक हात हवे असतात. अफरोज शाह या मुंबईच्या वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वृद्ध शेजाऱ्यासह वर्सोवा किनाऱ्यावरील कचरा उचलण्यास प्रारंभ केला. समाजमाध्यमांवरील आवाहनातून माणसे जोडली गेली. मार्च २०१८ मध्ये, कित्येक वर्षांनंतर, तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. हे काम झाकून ठेवले असते, तर ते दोघांपुरतेच राहिले असते.

मग रिया ओळखावी कशी? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की, लावलेल्या झाडाचे जे माणूस, पशू वा पक्षी खातो, ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते. खाण्याजोगे काही येण्यासाठी झाड जगले पाहिजे. आणि आपल्या मुरमाड जमिनीत त्याची कसोटी वैशाखात लागते. कोणी पाहत नसताना जो तेव्हा घागरभर पाणी नेतो, त्याचे आषाढातील छायाचित्र इतरांना दिलेले आमंत्रण असते. जो झाड विसरतो, त्याने स्वतःला विचारावे की, आपला मोबदला त्या छायाचित्रातच संपला काय?

हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःलाच विचारायचा आहे. दुसऱ्याची नियत केवळ अल्लाह जाणतो. तरुणांवर रियाचा आरोप करण्याचा अधिकार आपल्याला नाही. वडीलधाऱ्यांनी उन्हाळ्यात एवढेच विचारावे, “बाळा, तुझे झाड कसे आहे?” आणि मशिदीच्या वजूखान्यातून वाया जाणारे पाणी त्या झाडापर्यंत पोहोचवण्यास त्याला साहाय्य करावे.

अल्लाह आपल्या कृतींना निष्ठा आणि सातत्य देवो. आमीन.