ठोका आणि प्राण

पेण तालुक्यातील धरमतरच्या खाडीकाठी काही काळ उभे राहिले की पाण्याची लय ध्यानात येते. सुमारे सहा तास पाणी आत येते, सहा तास बाहेर जाते. ओहोटीला चिखलात टेकलेले मचवे भरतीला पुन्हा तरंगू लागतात. खारबंदिस्तीच्या उघाड्या भरतीच्या रेट्याने मिटतात आणि पाणी ओसरले की उघडतात. आपल्या हृदयाच्या झडपाही अशाच, रक्ताच्या दाबाने उघडतात व मिटतात. परंतु हे साम्य येथेच संपते. खाडीला स्वतःची भरती नसते. ती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते. हृदयाची भरती मात्र हृदयातच उपजते. या भेदातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो आज कोणत्याही कुटुंबाच्या दारी येऊ शकतो.

हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या, भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. या पेशी कधी स्वस्थ बसत नाहीत. सोडियमचे विद्युत्भारित कण त्यांच्यात हळूहळू झिरपत राहतात. भार एका मर्यादेला पोचला की कॅल्शियमचे कण आत धावतात आणि विजेची एक लहर उठते. ती दोन्ही अलिंदांतून पसरते, ते आकुंचन पावतात. खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या, वेशीवर ती लहर सुमारे सेकंदाचा दहावा भाग रेंगाळते. तेवढ्या अवधीत निलय रक्ताने भरतात; मग लहर त्यांच्यात शिरते आणि रक्त सर्वांगाकडे लोटले जाते. मेंदूकडून येणाऱ्या नसा ही गती कमी-अधिक करतात, परंतु ठोका निर्माण करीत नाहीत. म्हणूनच प्रत्यारोपित हृदय, त्याच्या साऱ्या नसा तोडलेल्या असूनही, नव्या छातीत धडधडत राहते.

आता अतिदक्षता विभागातील एक खाट डोळ्यांसमोर आणावी. अपघातात तरुण मुलाच्या मेंदूला जबर इजा झाली आहे. यंत्राच्या पडद्यावर हृदयाच्या लहरी एकामागून एक उमटत आहेत, छाती वरखाली होते आहे, हात उबदार आहे. आणि डॉक्टर सांगतात, तो गेला. आई म्हणते, "अहो, त्याचं काळीज चालू आहे, मग तो गेला कसा?" या प्रश्नाला भाबडेपणा म्हणून हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. हजारो वर्षे मनुष्याने नाडीवरूनच प्राणाची पारख केली आहे. शिवाय येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर घराघरांत पूजणाऱ्या आपल्या समाजाला हृदय म्हणजे केवळ मांसाचा गोळा असे कधीच वाटले नाही.

तरीही त्या आईला सत्यच सांगावे लागेल. श्वासाची आज्ञा मेंदूच्या मुळातून येते. ते मूळ कायमचे नष्ट झाले की श्वास थांबतो आणि प्राणवायूअभावी हृदयही बंद पडते. यंत्र फुप्फुसांत वारा भरीत राहिले, तर हृदयाला प्राणवायू मिळतो आणि त्याची स्वतःची ठिणगी पेटत राहते. पडद्यावरील लहर त्या पुंजक्याची साक्ष देते. मुलगा आहे की नाही याची साक्ष ती देऊ शकत नाही. गाढ बेशुद्धी वेगळी, तीत परतीची वाट असू शकते; मेंदूमृत्यूत ती उरत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारी फार लवकर आला. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. केप टाउनमधील डॉ. बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूची व्याख्या करणारा हार्वर्डच्या समितीचा अहवाल त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. भारतात तशी मान्यता देणारा कायदा व्हायला १९९४ साल उजाडले. हात पुढे गेले होते, विचार व कायदा मागून चालत होते.

ख्रिस्तसभेने या बाबतीत विज्ञानाशी भांडण मांडलेले नाही. मृत्यूचा क्षण ठरवणे हे वैद्यकाचे काम आहे, असे पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये डॉक्टरांपुढे सांगितले. संत दुसरे जॉन पॉल यांनी ऑगस्ट २००० मध्ये, मेंदूचे समग्र कार्य पूर्णपणे व कायमचे थांबणे ही कसोटी काटेकोरपणे लावली जात असेल तर ती मनुष्याविषयीच्या ख्रिस्ती धारणेच्या विरोधात जात नाही, असे स्पष्ट केले. अवयवदानाला त्यांनी प्रेमाची कृती मानले. मात्र दान म्हणजे दान. त्यास संमती हवी.

येथे आम्हांस एक भीती बोलून दाखवावीशी वाटते. दुसऱ्या खाटेवर कोणी हृदयाची वाट पाहत असतो. त्याची निकड खरी असते. पण त्याला हृदय हवे आहे, म्हणून हा मेला असे ठरवता येत नाही. गरजेने मृत्यूची तारीख अलीकडे ओढली, तर दानाचे हरण होते. योहानकृत शुभवर्तमानातील क्रम आम्हांस या ठिकाणी अर्थपूर्ण वाटतो. येशू मरण पावला आहे हे शिपायांनी आधी पाहिले आणि मगच त्याची कूस भाल्याने छेदली गेली. ज्या हृदयातून रक्त व पाणी वाहिले, ज्यात ख्रिस्तसभा आपल्या संस्कारांचा उगम पाहते, ते हृदयही मृत्यूनंतर उघडले गेले. शिपायाच्या मनात प्रेम नव्हते हे खरे, परंतु क्रम तोच होता. आधी मृत्यू, मग उघडलेले हृदय.

आपल्या कायद्यातही थांबण्याची ही शिस्त आहे. चार डॉक्टरांनी तपासणी करावी आणि किमान सहा तासांनी ती पुन्हा करावी, असा नियम आहे. वाट पाहणाऱ्याला हे सहा तास जड जातात. पण निलय भरण्यापूर्वीच आकुंचन पावले तर ठोका पडूनही रक्त पुढे जात नाही. नैतिक निर्णयाचेही तसेच आहे.

सहा तास म्हणजे धरमतरच्या खाडीची एक ओहोटी. एवढा वेळ त्या आईला मिळाला पाहिजे. तिच्याजवळ कोणीतरी बसावे, धर्मगुरूंनी प्रार्थना करावी, डॉक्टरांनी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तरी शांतपणे उत्तर द्यावे. त्यानंतर तिने होकार दिला तर तिच्या मुलाचे हृदय दुसऱ्या कोणाच्या छातीत चालेल. नकार दिला तर तिला कोणी दोष देऊ नये.