शलाका आणि संघ

वाचनालयाच्या अथवा उत्सवमंडळाच्या वार्षिक सभेत, जेथे कोणास वेतन नाही, मानधन नाही आणि सत्ता म्हणावी अशी सत्ताही नाही, तेथे एखाद्या ठरावावरील मतांविषयी तंटा उपस्थित झाला की पुष्कळांना तो क्षुल्लक वाटतो. गणसंख्या पुरी होती की नव्हती, गैरहजर सभासदाची चिठ्ठी मत म्हणून धरावी की नाही, उपसूचना मूळ ठरावाच्या आधी मतास टाकावयास हवी होती की काय, समसमान मते पडल्यावर अध्यक्षांनी सभासद म्हणून एक आणि निर्णायक म्हणून दुसरे अशी दोन मते देणे रास्त होते का, अशा प्रश्नांवर चिटणीसांच्या दप्तरात तक्रारअर्ज साचतात, मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यास हरकती येतात, आणि समंजस म्हणवणारी मंडळी म्हणतात की सत्कार्यासाठी जमलेल्यांनी नियमांचा एवढा कीस काढू नये. मला हे मत मान्य नाही. स्वेच्छेने एकत्र आलेल्या माणसांनी एकमेकांची मते कशी मोजावी हा प्रश्न मूलतः धर्माचा आहे, आणि या देशात तो फार प्राचीन काळी धर्माचा म्हणूनच विचारला गेला आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत भाषण करताना डॉ. आंबेडकरांनी स्मरण करून दिले होते की ठराव, गणसंख्या, मतगणना आणि गुप्त मतदान हे सर्व बौद्ध भिक्षुसंघास अवगत होते, आणि बुद्धाने ते तत्कालीन राजकीय सभांवरूनच घेतले असावे. विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, याचा तपशील आहे. सामान्य संघकर्मास निदान चार भिक्षू हजर हवेत. उपसंपदेस, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षेस, मध्यदेशात दहा, सीमाप्रांतात पाच. आजारी भिक्षूने आपली संमती, जिला ‘छंद’ म्हणत, दुसऱ्याकरवी सभेस पाठवावी. महत्त्वाच्या विषयात प्रस्ताव मांडून तो त्रिवार पुकारावा. ज्यास मान्य असेल त्याने मौन धरावे, नसेल त्याने बोलावे. इतके करूनही वाद मिटला नाही तर निरनिराळ्या रंगांच्या शलाका, म्हणजे काड्या, वाटून बहुमत पाहावे. शलाका वाटणारा अधिकारी संघाने निवडावयाचा, आणि तो प्रीती, द्वेष, मोह व भय या चारही विकारांपासून अलिप्त असून कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे जाणणारा असावा. गुप्त मतदानात त्याने प्रत्येक भिक्षूजवळ जाऊन ही या पक्षाची, ही त्या पक्षाची, वाटेल ती घे, असे सांगावे आणि घेतलेली कोणास दाखवू नकोस अशी सूचना द्यावी. ज्यांनी घरदार सोडले होते, ज्यांना जिंकण्यासारखे काही उरले नव्हते, त्यांच्यासाठी ही एवढी दक्षता होती.

तिची आवश्यकता कौशांबीत दिसून आली. तेथे एका भिक्षूस त्याने न मानलेल्या अपराधाबद्दल संघाने बहिष्कृत केले. त्याच्या पक्षाचे म्हणणे पडले की हे कर्मच नियमबाह्य, सबब ते लागू नाही. आणि एका ठरावाच्या वैधतेवरून संघ दुभंगला. बुद्धाने दोन्ही पक्षांस निरनिराळा उपदेश केला. बहिष्कार घालणाऱ्यांस सांगितले की संघ फुटेल हे ध्यानी घेऊन मगच असे पाऊल उचलावे. आणि बहिष्कृतास सांगितले की इतरांवरील श्रद्धेस्तव अपराधाची कबुली द्यावी. आपलाच पक्ष न्याय्य, अशी ज्याची खात्री त्यालाच संघाच्या ऐक्याची जबाबदारी उचलावयास लावणारा हा उपदेश मला अत्यंत थोर वाटतो. तो कोणी ऐकला नाही, आणि बुद्ध कौशांबी सोडून एकटाच निघून गेला.

परंतु त्याच विनयात एक स्थळ असे आहे की तेथे माझे मन अडते. गुप्त शलाकाग्रहणानंतर अधर्मवादी, म्हणजे धर्माविरुद्ध पक्ष घेणारे, अधिक भरले असे त्या अधिकाऱ्यास आढळले, तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून त्याने ते मतदान रद्द करावे, अशी आज्ञा आहे. संघापुरते याचे समर्थन होऊ शकेल, कारण तेथे धर्म शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, आधीच सांगितलेला होता आणि शलाकेने तो नव्याने ठरवावयाचा नव्हता. आमच्या समित्यांना असा शास्ता नाही. सत्य आपल्याच पक्षाकडे आहे या निष्ठेने चिटणीस जेव्हा मोजणी फिरवतो, अथवा अध्यक्ष अडचणीचा ठराव मतास टाकीतच नाही, तेव्हा तो पराभूत सभासदाकडून त्याचे मतच नव्हे, तर पराभव सन्मानाने स्वीकारण्याचा मार्गही हिरावून घेतो. मत सत्य ठरवीत नाही. मतभेद असूनही एका सतरंजीवर बसणे कसे शक्य होईल, एवढेच ते ठरविते, आणि म्हणून उद्दिष्ट कितीही पवित्र असले तरी खोटी मोजणी हा सहधर्मीयांचा द्रोह होय. इंग्लंडच्या कॉमन्स सभेचे सभापती डेनिसन यांनी १८६७ साली, आपल्या निर्णायक मताने नसलेले बहुमत निर्माण करू नये, असा जो दंडक घातला, त्यात मला त्या प्राचीन शलाका वाटणाऱ्या अधिकाऱ्याच्या अटींचाच अधिक शुद्ध अर्थ दिसतो.

पुढील वार्षिक सभेस जाताना वाचकांनी आपल्या संस्थेच्या घटनेची प्रत बरोबर न्यावी, आणि मोजणीस हरकत घेणारा सभासद आपल्या विरुद्ध पक्षाचा असला तरी फेरमोजणीच्या त्याच्या मागणीस आपण होऊन अनुमोदन द्यावे.