तीन म्हणजे काय?

ख्रिस्ती लोक तीन देव मानतात, असे आपण सहज बोलून जातो. त्यांना विचारले तर ते सांगतील : देव एकच, पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्या एकाच तत्त्वातील तीन व्यक्ती. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेत वाद होता, पुत्र निर्मित की अनादी? परिषदेने अनादी ठरवले. इ.स. ८३३ मध्ये खलिफा मामूनने उलेमांना विचारले, कुरआन निर्मित की अनादी? प्रश्न सारखे, तरी एक नव्हेत. कलामाची इबादत आपण केली नाही. त्रैक्य आपल्याला मान्य नाही. पण नाकारायचे तर त्यांचे खरे म्हणणे नाकारावे. न बोललेले त्यांच्या तोंडी घालून खोडणे, हा इन्साफ नव्हे.