आपपरभावाचा शोध

ज्याला देवी एकदा येऊन गेल्या त्याला त्या पुन्हा येत नाहीत, हे लोकांना शतकानुशतके अनुभवाने ठाऊक होते. 1796 मध्ये एडवर्ड जेन्नर याने गाईंना येणाऱ्या देवीची लस टोचून त्या अनुभवाचा उपाय केला, आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडल्यावर तिच्या फोडातील लसीनेच इतर मुलांच्या देवी काढण्यात आल्या. मात्र उपाय हाती आला तरी त्याची उपपत्ती कोणालाच सांगता येत नव्हती. खुद्द पाश्चरची 1880 च्या सुमारास अशी समजूत होती की, जंतू आपल्याला लागणारे अन्नद्रव्य पहिल्याच खेपेस संपवून टाकतात आणि पुढच्या खेपेस आलेल्यांची उपासमार होते; म्हणजे त्याच्या लेखी शरीर हे पीक काढून घेतलेल्या जमिनीइतकेच उदासीन होते.

या कल्पनेला धक्का बसला तो सिसिलीतील मेसिना येथे. तेथे 1882 मध्ये एली मेचनिकॉफ याने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या त्वचेखाली गुलाबाचे काटे खुपसले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! पुढे 1890 मध्ये बेहरिंग व कितासातो यांनी रोगप्रतिकाराची शक्ती रक्तरसातूनही एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेता येते असे सिद्ध केले, तेव्हा पेशी श्रेष्ठ की रक्तरस असा वाद माजला. 1908 चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि रक्तरसाचा पुरस्कर्ता एर्लिख यांना विभागून मिळाले, हा त्या वादाचा एक प्रकारे तडजोडीचा निकालच होय.

एर्लिखचे म्हणणे असे की, परकीय द्रव्याला पकडणारे ग्राहक पेशींवर आधीपासूनच असतात. परंतु प्रयोगशाळेत नव्याने घडवलेली, निसर्गात कधीच नसलेली रासायनिक द्रव्ये प्रथिनांना जोडून लँडस्टायनरने सशांना टोचली, तेव्हा त्यांच्याविरुद्धही नेमके प्रतिपिंड, म्हणजे रक्तरसात मोकळे सुटलेले ग्राहक, तयार झाले. जे जगात नव्हतेच त्याचा बंदोबस्त शरीराने आगाऊ कसा करून ठेवावा? म्हणून लायनस पॉलिंगने 1940 मध्ये असे प्रतिपादन केले की, परकीय द्रव्य हाच साचा होय आणि प्रतिपिंड त्यावर घडवला जातो.

हे तर्कशुद्ध उत्तर चुकीचे ठरले. मॅकफार्लेन बर्नेटने 1957 मध्ये मांडले की, प्रत्येक पेशी एकाच प्रकारचा ग्राहक घेऊन येते, आणि परकीय द्रव्य तिला काही शिकवीत नाही, तर असंख्य पेशींतून जुळणारी निवडते व तिचीच प्रजा वाढते. मोजक्या जनुकांतून एवढे वैविध्य येते कसे, याचा उलगडा सुसुमु तोनेगावाच्या 1976 च्या संशोधनाने झाला : प्रतिपिंडांच्या जनुकांचे तुकडे पेशी निरनिराळ्या क्रमाने जोडीत असते.

परंतु अशा यदृच्छेने घडलेल्या ग्राहकांत स्वतःच्याच देहाला चिकटणारेही असणार. त्यांतील पुष्कळसे वाढीच्या काळातच नष्ट केले जातात, उरलेल्यांना नियामक पेशी आवर घालतात. तो आवर सुटला की संधिवाताचे काही प्रकार किंवा बालवयातील मधुमेह उद्भवतो. परका कोण, याची यादी शरीराजवळ कधीच नव्हती. आपले कोण एवढेच त्याला शिकावे लागते, आणि या शास्त्राचा सर्वांत अवघड भाग तोच आहे.