दत्तक अपत्य आणि सत्यकथन

गृहस्थाने अपत्य विधिपूर्वक दत्तक घेतले, त्याला नाव, घर आणि वात्सल्य दिले. आता त्याच्या जन्माची हकीकत त्याला सांगावी की लपवावी? पुष्कळ घरांतून या प्रश्नाचे उत्तर मौनाने दिले जाते. सत्य कळल्यास मूल परके होईल, ही भीती त्या मौनाच्या मुळाशी असते. ती प्रेमातूनच उपजते, म्हणून उपहासास पात्र नाही. परंतु ती कितपत खरी आहे, हे पाहिले पाहिजे.

महाभारतातील कर्णाचे चरित्र येथे मार्गदर्शक आहे. पेटीतून वाहत आलेले बालक अधिरथ व राधा यांना सापडले. त्याच्या अंगावरील सुवर्णकवच व कुंडले पाहून त्याचे नाव वसुषेण ठेवण्यात आले. ज्या घराने त्याला वाढविले, त्याने त्याच्या आगमनाची खूण नावातच जपली. मौन पाळले ते जन्मदात्रीने. आणि ते सोडले युद्ध दाराशी येऊन ठेपल्यावर, तेही याचनेसाठी. सत्य कळूनही राधेचे स्थान ढळले नाही. तिला फुटलेला पान्हा आणि तिने काढलेले मलमूत्र आठवून कर्णाने तिला सोडणे अधर्म मानले. मात्र उशिरा सांगितलेल्या सत्याने कोणाचेच कल्याण झाले नाही. युधिष्ठिराला आपला ज्येष्ठ बंधू कोण होता, हे त्याला जलांजली देण्याच्या वेळी कळले!

कायद्यानेही जन्मकुळाचे अस्तित्व सर्वस्वी पुसलेले नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार दत्तक अपत्य नव्या कुळाचे होते. तथापि जन्मकुळातील विवाहनिषेध त्याला पुढेही लागू राहतात.

कोणी म्हणेल, ‘कोवळ्या मनाला हे दुःख कशाला द्यावे?’ परंतु जे आईबापांनी सांगितले नाही, ते शेजारी भांडणात सांगतो, किंवा आप्त विवाहप्रसंगी कुजबुजतात. तेव्हा जन्माच्या दुःखात फसवणुकीचे दुःख मिसळते. गीतेच्या १७ व्या अध्यायात वाणीच्या तपामध्ये सत्यासह प्रियता आणि हित यांचीही गणना आहे. म्हणून बालपणापासूनच, वयाला झेपेल तेवढे, मांडीवर घेऊन सांगावे. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असेच म्हणावे. रिकामी जागा कल्पित कथेने भरू नये. जन्मदात्रीची निंदा तर कदापि करू नये, कारण त्या निंदेचा अर्धा भाग मूल स्वतःवर घेते.

काही काळ संगोपनासाठी घरी आलेल्या मुलाला पहिले घर आठवतही असते. त्याने जुन्या आईचे नाव काढले तर ती कृतघ्नता समजू नये. त्याच्याजवळचे एखादे छायाचित्र, एखादे जीर्ण वस्त्र जपून ठेवावे. ते रडले तर रडू द्यावे, आणि जवळ बसावे.

अपत्याचा स्वीकार म्हणजे त्याच्या भूतकाळासह स्वीकार. ज्या घरात त्याला ‘मी कोठून आलो?’ असे निर्भयपणे विचारता येते, तेच घर त्याचे स्वतःचे होय.