कारभाऱ्याची मुदत

कारभार बरा चालला असेल, तर कारभारी निवडण्याचा अधिकार लोकांना असावाच लागतो काय? हा प्रश्न राज्यशास्त्राच्या पुस्तकातला वाटेल. परंतु हुबळी-धारवाडकरांना तो घरच्या नळाइतका जवळचा आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या आपल्या महानगरपालिकेची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. प्रभागरचना व आरक्षण यांचे वाद निघाले, पाठोपाठ कोरोना आला. अखेर ८२ प्रभागांत मतदान झाले ते ३ सप्टेंबर २०२१ रोजी, आणि महापौर निवडला गेला मे २०२२ मध्ये. तीन वर्षांहून अधिक काळ या जुळ्या शहरांना महापौरच नव्हता. वास्तविक मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पार पडली पाहिजे, असे १९९३ साली अमलात आलेली ७४वी घटनादुरुस्ती स्पष्ट सांगते. मुंबईची गोष्ट याहून लांबली. तेथील मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले.

“यात बिघडले कोठे? नगरसेवकांची भांडणे तरी थांबली!” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. नेमलेला अधिकारी कर्तबगार असू शकतो आणि निवडून दिलेला माणूस नालायक निघू शकतो. परंतु अधिकारी जाब देतो तो बंगळुरूला. नगरसेवकाला तो आपल्या गल्लीत द्यावा लागतो. मलप्रभेचे पाणी आले नाही, तर घरच्या बाईने रिकामी घागर घेऊन कोणाच्या दारात उभे राहावे? ज्याला आपण बदलू शकत नाही तो कितीही भला असला, तरी तो आपला सेवक नव्हे, धनी होय.

अधिकार ही मालमत्ता नसून ठेव आहे, ही शिकवण ख्रिस्ती जनांना नवी नाही. वृद्ध शमुवेल सर्व इस्राएलापुढे उभा राहिला. आपण कोणाचा बैल किंवा गाढव घेतले असेल, कोणाकडून लाच खाल्ली असेल, तर समोर येऊन सांगावे, असे त्याने लोकांना बोलावून विचारले (१ शमुवेल १२). हा हिशेब त्याच्याकडे कोणी मागितला नव्हता. तो त्याने आपण होऊन दिला.

आपल्या काळातले उदाहरण आफ्रिकेतील मलावी या गरीब देशाचे आहे. तेथे बांडा यांची एकपक्षीय राजवट होती. मार्च १९९२ मध्ये कॅथलिक बिशपांनी तिच्याविरुद्ध पत्र काढले, प्रेस्बिटेरियन मंडळ्याही पुढे आल्या, आणि १९९३ च्या सार्वमतात लोकांनी ती राजवट नाकारली. पुढे २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतांच्या तक्त्यांवर पांढऱ्या शाईने खाडाखोड झालेली आढळली. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. फेरमतदानात लाझारस चकवेरा निवडून आले. हे गृहस्थ पूर्वी तेथील असेंब्लीज ऑफ गॉड मंडळीचे प्रमुख होते. परंतु महागाई व इंधनटंचाई यांनी लोक गांजले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी या उपदेशकालाही खाली उतरविले. अधिकृत निकाल जाहीर होण्यापूर्वीच चकवेरांनी पराभव मान्य केला. उपदेशक सत्तेवर आला यापेक्षा लोकांना त्याला उतरविता आले, यातच त्या देशाच्या लोकशाहीचे बळ दिसते.

हे बळ दिल्ली-बंगळुरूत तयार होत नाही. आपल्या मंडळीतील पंच, तरुण संघ, महिला मंडळ यांनाही मुदत असते. “सगळे ठीक चालले आहे, कशाला उगाच निवडणूक?” हे वाक्य तेथेही ऐकू येते, आणि बहुधा ते प्रेमाने व विश्वासाने उच्चारले जाते. म्हणूनच त्यापासून अधिक जपले पाहिजे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी वर्गाचा खजिनदार मुलांकडून निवडून घ्यावा. ठरलेल्या दिवशी त्याने सर्वांपुढे दानाच्या डबीतील पैसे मोजावेत, हिशेब वाचावा आणि डबी दुसऱ्याच्या हाती द्यावी. त्याने काम उत्तम केले असेल, तरीही द्यावी. उद्या हीच मुले मतदार होतील, काही नगरसेवकही होतील. मुदत संपल्यावर जागा सोडायची असते, हे त्यांना तेव्हा कोणी नव्याने शिकवावे लागणार नाही.