वार पुरा होतो तेव्हा

कन्नडच्या पलीकडे, गौताळ्याच्या डोंगराकडे तोंड करून एक वस्ती होती. तिथे एक आजोबा आणि त्यांचा नातू राहत होते. घरात बाकीची माणसंही होती, पण ही गोष्ट या दोघांची आहे.

नातू दहावीत गेला होता आणि मे महिन्याची सुट्टी लागली होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या चुलतभावाने आपला जुना प्लेस्टेशन त्याला देऊन टाकला होता. सोबत एकच खेळ होता, ‘निओह’. जपानमध्ये तयार झालेला, २०१७ साली आलेला, सामुराईंच्या लढायांचा खेळ. त्यातल्या नायकाचं नाव विल्यम. १६०० साली खरोखरच जपानच्या किनाऱ्याला लागलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रज खलाशावरून तो बेतलेला होता. खेळ अवघड म्हणून नावाजलेला होता. वाटेत भेटणारा साधा शिपाईसुद्धा दोन-चार फटक्यांत नायकाला लोळवत असे.

मुलगा हुशार होता. तलवारीचे तीनही पवित्रे त्याने लगेच शिकून घेतले. तलवार डोक्यावर धरली की वार जबर बसे, पण दमही तितकाच जाई. छातीसमोर धरली की बचाव पक्का होई. खाली धरली की वार हलके पण चपळ पडत आणि अंग चोरून निसटता येई. मुलाला वरचाच पवित्रा आवडला. एका फटक्यात काम होत असेल तर दहा कशाला मारायचे, असं त्याला वाटे.

खेळात दमाची एक पट्टी होती. प्रत्येक वारासरशी ती आटे, प्रत्येक उडीसरशी आटे. पुरती आटली की नायक जागीच धापा टाकत उभा राही आणि समोरचा त्याला सावकाश मारी. वार झाला की क्षणभर नायकाच्या अंगाभोवती निळसर उजेड गोळा होई. नेमक्या त्या क्षणी बटण दाबलं, तर गेलेला दम बराचसा परत येई. मुलाला हे ठाऊक होतं. पण मारामारी ऐन भरात आली असताना त्या बटणासाठी थांबणं त्याच्या जिवावर येई.

एक जळतं गाव ओलांडून तो एका जहाजावर पोचला. तिथे ओनर्योकी नावाचा राक्षस उभा होता. साखळदंडाला बांधलेले लोखंडी गोळे तो गरागरा फिरवत होता. मुलगा धावून गेला. वरच्या पवित्र्यातून त्याने एकामागून एक वार घातले, दम संपला आणि गोळा आला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा वार, पुन्हा धाप, पुन्हा गोळा. जेवायची हाक आली तरी तेच चाललं होतं.

आजोबा बाजेवर पडून बघत होते. तरुणपणी त्यांनी गावच्या आखाड्यात लाठी फिरवली होती. पडद्यावरचं चित्र त्यांना धड दिसत नव्हतं, पण माणूस कसा उभा आहे ते दिसत होतं.

“तुझ्या या गड्याला कुणी वस्ताद नव्हता का रे?” त्यांनी विचारलं.

“का हो, आबा?”

“मारतो चांगला. मारून झाल्यावर काय करायचं, ते त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही.”

“आबा, तो राक्षस लई मोठा आहे. त्याला पटकन मारावं लागतं.”

आजोबा पुढे काही बोलले नाहीत.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. अद्रकाची लागवड नुकतीच झाली होती आणि विहिरीचं पाणी खोल गेलं होतं. आजोबांचा नेम ठरलेला होता. तासभर मोटार चालवायची, मग बंद करायची. पाझराने विहिरीत पाणी साचू द्यायचं आणि मग पुन्हा कळ दाबायची. या नेमापायी रात्रभर जागावं लागे. एका रात्री त्यांचे गुडघे फार दुखत होते. मुलगा म्हणाला, “आबा, आज मी जातो.”

त्याने मोटार चालू केली. ठिबकच्या नळ्या भरल्या, वाफे भिजायला लागले. तास झाला. मुलाने बॅटरीच्या उजेडात पाहिलं, अर्धं रान ओलं झालं होतं. आता बंद करून पुन्हा दोन-तीन तास वाट बघायची, त्यापेक्षा उरलेलं अर्धंही भिजवून मोकळं व्हावं, असा त्याने विचार केला आणि तो बांधावर बसून राहिला. थोड्या वेळाने पाण्याबरोबर हवा यायला लागली. मग नुसती हवा आली. तो धावत विहिरीशी गेला तोवर मोटार जळाली होती.

सकाळी आजोबांनी विहिरीत वाकून पाहिलं. तळाला हातभर पाणी साचलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी मोटार वर काढून घेतली आणि कन्नडला भरायला टाकली. दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या दिवसाचा वायदा केला. शेजाऱ्याने आपल्या विहिरीची एक पाळी दिली, म्हणून अद्रक वाचलं.

मोटार येईपर्यंत हाताला काम नव्हतं. आजोबा म्हणाले, “चल, पितळखोऱ्याला जाऊन येऊ.” चुलत्याने दोघांना जीपमधून सोडलं.

पायऱ्या उतरून ते दरीत गेले. दोन हजार वर्षांहून जुनी लेणी आहेत ही. बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. एका विहाराच्या दाराशी दगडाचे दोन द्वारपाल उभे आहेत, हातांत भाला आणि ढाल. आजोबा त्यांच्यासमोर थांबले.

“आमचे वस्ताद आम्हाला इथे आणायचे,” ते म्हणाले. “म्हणायचे, यांच्याकडे बघा. भाला मारायच्या आधी माणूस असा उभा असतो. मारून झाल्यावरही तो असाच उभा दिसला पाहिजे.”

मुलगा बराच वेळ त्या दोघांकडे बघत राहिला. परत चढताना आजोबा थोड्या थोड्या पायऱ्यांनी थांबत होते, श्वास घेत होते आणि मग पुढचं पाऊल टाकत होते.

संध्याकाळी अंगणात आजोबांनी दोन काठ्या काढल्या. एक मुलाच्या हातात दिली.

“मार मला.”

“आबा, लागेल तुम्हाला.”

“मार म्हणतो ना!”

मुलाने काठी डोक्यावर नेली आणि सगळी ताकद लावून खाली आणली. आजोबांनी एक पाऊल बाजूला घेतलं. काठी जमिनीवर आपटली, मुलाच्या हाताला झिणझिण्या आल्या आणि त्याच वेळी आजोबांच्या काठीचं टोक त्याच्या बरगडीला टेकलं. त्याने पुन्हा मारलं. पुन्हा टोक बरगडीला. पाच-सहा वेळा हेच झालं.

“वार चांगला आहे तुझा,” आजोबा म्हणाले. “पुरा नाही.”

“पुरा कसा नाही? सगळा जोर लावला मी.”

“जोर लावलास, पण काठी गेली ती तिकडेच राहिली. तूही तिकडेच राहिलास. पैतऱ्यात परत आलास की वार पुरा झाला. तोवर तो अर्धाच.”

मुलगा काठीकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “मोटार बंद करायची होती, आबा.”

“पाझर चालूच होता, पोरा. त्याला थोडा वेळ हवा होता.”

मग आजोबांनी त्याला मारायला लावलंच नाही. अंधार पडेपर्यंत ते त्याच्याकडून एकच गोष्ट करून घेत होते. काठी पुढे, काठी मागे छातीसमोर, पाय जागेवर, श्वास आत. मुलाला आधी कंटाळा आला. मग त्याच्या लक्षात आलं, की इतका वेळ फिरवूनही हात भरून आलेले नाहीत.

रात्री त्याने पुन्हा खेळ लावला. तलवार डोक्यावरून उतरवून छातीसमोर घेतली. राक्षसावर दोन वार घातले. तिसरा घालता आला असता, पण घातला नाही. निळसर उजेड गोळा झाला, त्याने बटण दाबलं आणि तो मागे सरला. गोळा मोकळ्या जागी आदळला. पुन्हा दोन वार, पुन्हा मागे. असं मागे सरून बघताना त्याला एक नवीच गोष्ट दिसली. राक्षसालाही दमाची पट्टी होती. गोळे फिरवून फिरवून तोही थकत होता. आजवर मुलगा मारण्यात इतका गुंतलेला असे, की समोरचा कधी दमतो हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

पहिल्या खेपेला तो हरला. दुसऱ्याही खेपेला हरला. तिसऱ्या खेपेला राक्षसाच्या अंगात अगदी थोडा जीव उरला. मुलाच्या हाताला खाज सुटली. आता घालावे सगळे वार आणि व्हावं मोकळं! तेवढ्यात त्याला विहिरीतली ती नुसती हवा आठवली. तो मागे सरला. गोळा अंगाजवळून गेला. मग त्याने पुढे होऊन दोन वार घातले आणि ओनर्योकी कोसळला.

“मिळाला म्हणायचा तुझ्या गड्याला वस्ताद,” बाजेवरून आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मोटार भरून आली. त्यापुढच्या रात्री कळ दाबायला मुलगा गेला. तासाने त्याने मोटार बंद केली, विहिरीच्या कडेला वाकळ टाकून पडून राहिला आणि पाणी साचल्यावर पुन्हा उठला. अद्रक चांगलं उगवून आलं.

मियामोटो मुसाशी नावाचा एक जपानी तलवारबाज होऊन गेला. आयुष्याच्या शेवटी, १६४३ ते १६४५ या काळात, क्यूशू बेटावरच्या रेइगांदो गुहेचा आसरा घेऊन त्याने आपली विद्या लिहून ठेवली. त्याने पाच पवित्रे सांगितले. वरचा, मधला, खालचा, डावा आणि उजवा. त्यांतला मधला त्याने सगळ्यांचं मूळ मानला. वस्तीवरच्या आजोबांनी मुसाशीचं नाव कधी ऐकलं नव्हतं. तरी त्यांच्या अंगणात मुलाची काठी शेवटी त्याच जागी येऊन थांबली.

आपण मुलांना जोर लावायला लहानपणापासून शिकवतो. अभ्यासात लाव, स्पर्धेत लाव, मागे राहू नकोस. जोर लावून झाल्यावर आपल्या जागी परत कसं यायचं, श्वास कसा भरून घ्यायचा, हे शिकवायचं मात्र राहून जातं. आजोबांना ते शिकवता आलं, कारण खेळ बंद कर असं ओरडण्याआधी त्यांनी तो खेळ नीट पाहिला होता. तुमच्या घरात असा खेळ खेळणारं मूल असेल, तर एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि यातली दमाची पट्टी कोणती, ते त्याला विचारा.